विहिरीवरची मोटर पाणी सोडते? कॉइल बघायच्या आधी सक्शन बघा

उन्हाळा लागला की आपल्या नाशकात एकच तक्रार ऐकू येते, मोटर चालू आहे, आवाज पण येतोय, पण टाकीत थेंब पडत नाही. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, देवळाली, या सगळ्या बाजूला अजून कितीतरी बंगल्यांच्या आवारात आणि मळ्यात विहिरी आहेत, नळाचं पाणी प्यायला आणि विहिरीचं झाडाला-वापरायला असा हिशोब असतो, आणि विहिरीवर बसवलेली असते अर्धा, एक नाहीतर दीड एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच बॉडीत. ती एक दिवस पाणी सोडते, म्हणजे चालू असूनही पाणी उचलायचं बंद करते. मग रोज सकाळी बादलीनं पाणी भरायचं, मोटर चालू करायची, थोडे दिवस हे चालतं, मग तेही चालत नाही, मग कोणीतरी म्हणतं कॉइल, म्हणजे मोटरच्या आतलं तारेचं वेटोळं, गेली असेल, की मोटर खोलून दुकानात, रिवाइंडिंगचा खर्च, परत आणून बसवली तर परत तेच.

हा खर्च वाचावा म्हणून एवढं लिहितोय. मोटर नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या स्पीडला फिरतेय ना, मग कॉइल ठीक आहे, कंडेन्सर पण ठीक आहे. पाणी सोडण्याचा दोष बहुतेक वेळा पंपात नसतोच, तो पंपाच्या तोंडापासून विहिरीच्या तळापर्यंत गेलेल्या सक्शन पाइपात कुठेतरी असतो, आणि तो घरच्या घरी शोधता येतो, फक्त कुठे आणि कधी बघायचं ते कळलं पाहिजे.

आधी पंप पाणी उचलतो कसा ते थोडक्यात, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. पंप पाणी खेचत नाही. आतला इम्पेलर पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे त्याच्या मध्यभागी दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब आहे तो पाण्याला पाइपातून वर ढकलतो. पण इम्पेलरला फेकायला पाणीच लागतं. पंपात हवा असेल तर ती इतकी हलकी असते की कितीही जोरात फिरवा, दाबात फरक पडत नाही आणि पाणी जागचं हलत नाही. म्हणून चालू करायच्या आधी पंप आणि पूर्ण सक्शन पाइप पाण्यानं भरलेला पाहिजे, आणि चालू असताना कुठूनही हवा आत यायला नको. रसवंतीवर स्ट्रॉला बारीक चीर असली तर कितीही ओढा, रस वर येत नाही, तोंडात नुसती हवा येते, अगदी तसंच.

कामाला हात घालायच्या आधी दोन गोष्टी, आणि या टाळू नका. पहिली, नुसतं स्टार्टरचं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा किंवा फ्यूज काढून खिशात ठेवा, कारण तुम्ही विहिरीवर वाकलेले असताना घरातलं कोणी सहज बटण दाबू शकतं. मोटरच्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन पाडणारा स्विच, बसवलेला नसेल तर बसवून घ्या, ओल्या जागेत अर्थिंगवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. दुसरी, विहिरीत उतरू नका. जुन्या, झाकलेल्या, वापरात नसलेल्या विहिरीत तळाला कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो, ऑक्सिजन कमी असतो, माणूस उतरतो आणि खालीच कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे पण कंदील जळत राहिला म्हणजे दुसरा विषारी वायू नाही असं होत नाही. खाली जे काही सांगतोय ते सगळं वरून, पाइप वर ओढून घेऊन करता येतं.

आता मुख्य प्रश्न, मोटर पाणी कधी सोडते? हे दोन दिवस नीट बघा, कारण अर्धं उत्तर इथेच मिळतं.

रात्री बंद केली, सकाळी पाणी भरावं लागतं, पण एकदा उचललं की मग तास-दीड तास फुल धार, काही कुरकुर नाही, असं असेल तर रात्रीतून पाणी खाली उतरून जातंय. म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाचा फूटवॉल गळतोय. चालू केली, उचललं, आणि पाच-दहा मिनिटांनी धार बारीक होते, फुसफुस करत हवा येते आणि मग बंद पडते, अर्ध्या तासानं परत थोडा वेळ चालते, असं असेल तर विहिरीतली पातळी उतरून फूटवॉल उघडा पडतोय. सतत हवा मिसळून येते, धार तुटक तुटक पडते, नळीतून बुडबुडे, आणि पातळी मात्र चांगली आहे, तर सक्शनच्या एखाद्या जॉइंटमधून हवा शिरतेय. आणि कितीही पाणी भरलं तरी उचलतच नाही, तर एकतर हवा पूर्ण निघालेलीच नाही, किंवा फूटवॉल उघडाच अडकलाय, किंवा जाळी बुजलीय, किंवा पाणीच पंपाच्या आवाक्याबाहेर खोल गेलंय.

अजून दोन खुणा. मोटर बंद केल्यावर शाफ्ट थांबून क्षणभरानं उलटा फिरतो का ते मागच्या फॅनकडे जाळीतून बघा, उलटा फिरला तर डिलिव्हरीचं, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाइपातलं, पाणी पंपातून परत विहिरीत पळतंय, म्हणजे फूटवॉल गेलाच समजा. आणि डिलिव्हरीचा पाइप गच्चीवरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेला असेल तर रात्रीतून टाकीच उतरलेली दिसेल, घरातले म्हणतात नळ गळतोय, पण पाणी आलं त्या वाटेनंच विहिरीत परत गेलेलं असतं. पाइपाचं तोंड टाकीत पाण्याच्या वर राहील असं करून घ्या, ते पाच मिनिटांचं काम आहे.

प्रायमिंग, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढणं, नीट कसं करायचं तेही सांगतो, कारण पुष्कळदा दोष काहीच नसतो, पाणी घाईघाईत भरलेलं असतं. मोटर कोरडी चालून पंपाची बॉडी गरम झाली असेल तर लगेच गार पाणी ओतू नका, आतल्या मेकॅनिकल सीलची सिरॅमिकची चकती तडकू शकते, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. डिलिव्हरीचा वॉल उघडा ठेवा म्हणजे हवेला वाट मिळते. पंपावरचा प्लग काढा, नरसाळं लावा आणि स्वच्छ पाणी सावकाश ओता, गढूळ पाणी नको, त्यातली रेती सील खाते. पाणी प्लगपर्यंत आलं की थांबा, बुडबुडे येतील, पातळी खाली बसेल, परत ओता. मग मोटरच्या मागच्या बाजूनं शाफ्ट हातानं किंवा खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून दोन-चार फेरे फिरवा, इम्पेलरच्या पात्यांत अडकलेली हवा सुटते आणि परत बुडबुडे येतात, हा फेरा बहुतेक लोक देत नाहीत आणि मग म्हणतात भरून पण उचलत नाही. बुडबुडे पूर्ण थांबले, पाणी प्लगच्या तोंडाशी स्थिर राहिलं, की टेफ्लॉन टेप लावून प्लग घट्ट करा. डिलिव्हरीचा वॉल अर्ध्याच्या वर बंद करून मोटर चालू करा, धार आली की हळूहळू उघडा. एक-दोन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा, चालू ठेवून वाट बघत बसू नका, कोरड्या चालण्यानं सील जळतं आणि मग खरोखर पंप खोलावा लागतो.

भरताना किती पाणी गेलं यावर लक्ष ठेवा. १ इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं, सव्वा इंचीत साधारण ८०० मिली. म्हणजे सव्वा इंची ७ मीटर सक्शन असेल तर पाइपात साडेपाच-सहा लिटर आणि पंपाच्या बॉडीत थोडं, एवढंच लागायला पाहिजे. दुसरी बादली संपत आली तरी पातळी वर येत नसेल तर पाणी सरळ विहिरीत जातंय, आणखी ओतण्यात अर्थ नाही.

आणि भरलं, प्लगशी पाणी दिसतंय, तर लगेच चालू करू नका. प्लग उघडाच ठेवा, पाण्याची पातळी बघा आणि पंधरा मिनिटं थांबा. हीच खरी परीक्षा आहे. पातळी जागेवर राहिली तर फूटवॉल आणि सक्शन दोन्ही चांगले. पातळी उतरली तर आता पाइपाकडे बघा, पंपापासून विहिरीत दिसतो तिथपर्यंत बॅटरीच्या उजेडात. कुठे ओल दिसली, थेंब लटकलेला दिसला, तर जॉइंट. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत आणि तरी पातळी उतरतेय, तर फूटवॉल.

फूटवॉल म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाला बसवलेला एकाच दिशेनं उघडणारा दरवाजा, आत चामड्याची किंवा रबराची झडप, बाहेर जाळी. पाणी वर जाताना झडप उचलली जाते, मोटर बंद झाली की वरच्या पाण्याच्या वजनानं बसते. ती बसली नाही की झालं. मखमलाबादकडे आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या विहिरीवर मोठा कडुनिंब आहे. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मोटर काढायला वायरमन पण सांगून ठेवला होता. म्हटलं, "काका, थांबा जरा, आधी पाणी भरून बघू." भरलं, तर प्लगमधलं पाणी डोळ्यांदेखत खाली सरकायला लागलं, पाइपावर बाहेरून कुठे ओल नाही. दोघा-तिघांनी दोर बांधून पाइप वर घेतला, फूटवॉलची जाळी काढली, आणि झडपेच्या कडेला एक निंबोळी दाबून बसलेली, तिचा गर कुजून गेलेला, नुसती बी राहिलेली, आणि तिच्यामुळे झडपेखाली जेमतेम एका बाजूला गव्हाच्या दाण्याएवढी फट. जाळीचं एक भोक गंजून मोठं झालेलं, तिथनं ती आत गेलेली. चामड्यावर बीचा खड्डा पण उठलेला. काका म्हणाले, "एवढ्याशा बीनं एवढी मोटर अडवली व्हय." चामडं नवीन टाकलं, जाळी नवीन, आणि वायरमनला नको म्हणून फोन.

पाइप वर घ्यायच्या आधी पाइपाला दोर बांधा, आणि मगच युनियन किंवा फ्लँज, म्हणजे पाइपाचा खोलता येणारा जॉइंट, सोडा, उलटं केलं तर पाइप हातातून निसटून तळाला जातो. पाण्यानं भरलेला पाइप जड असतो, पंपाकडचं टोक उघडून आधी पाणी उतरू द्या, उतरत नसेल तर चांगलीच खूण आहे, फूटवॉल धरतोय. पीव्हीसी पाइप असेल तर वाकवू नका, उन्हानं कडक झालेला असतो, सॉकेटशी तडकतो. वर आल्यावर जाळीवरचं शेवाळ, पानं, प्लॅस्टिक साफ करा, झडप बोटानं उचलून बघा, सहज वरखाली व्हायला पाहिजे, स्प्रिंग असेल तर गंजलेली नको, बसायची कडा खरबरीत किंवा चरे पडलेली असेल तर नुसतं चामडं बदलून उपयोग नाही, पूर्ण फूटवॉल बदला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि फूटवॉल महिनाभर उघड्यावर लटकला तर चामडं सुकून वाकडं होतं, मग पावसात विहीर भरली तरी ते नीट बसत नाही, म्हणून आपल्याकडे जून-जुलैत पण ही तक्रार येते, वर पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आणि मुरमाची रेती. नवीन घेतलेला फूटवॉल पण तसाच बसवू नका, दुकानातच उभा धरून वरच्या बाजूनं पाणी भरून बघा, खालून टपकला तर दुसरा मागा. पितळी घेतला तर जास्त टिकतो, पण पितळी असो की प्लॅस्टिक, साइज पाइपाचीच पाहिजे, लहान नको.

परत सोडताना फूटवॉल तळापासून किमान फूट-सव्वा फूट वर राहिला पाहिजे, नाहीतर गाळ ओढतो, आणि पाण्याखाली दीड-दोन फूट तरी बुडालेला पाहिजे, नाहीतर वर भोवरा पडून त्यातनं हवा जाते. पाणी प्यायला वापरत असाल तर पाइप-दोर विहिरीत घातल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, १००० लिटरला अडीच ग्रॅम. ३ मीटर रुंद गोल विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते साधारण २८,००० लिटर होतं, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत सोडा, चुना सोडू नका, आणि तासभर तरी पाणी उपसू नका.

आता जॉइंटमधून हवा. हा दोष सगळ्यात जास्त चकवतो, कारण मोटर चालू असताना तुम्ही गळती शोधत असता आणि गळती दिसतच नाही. चालू असताना सक्शन पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे भोकातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. तेच भोक मोटर बंद करून पाइप भरून ठेवला की टपकतं. म्हणून सक्शनची गळती बंद असताना डोळ्यानं शोधायची, आणि चालू असताना दुसऱ्या युक्तीनं. साबणाचा किंवा शेव्हिंग क्रीमचा दाट फेस करून एकेका जॉइंटवर थापा, जिथे हवा शिरते तिथे फेस आत ओढला जातो, खळगा पडतो. उदबत्ती पण चालते, वारा नसेल तेव्हा जॉइंटपाशी धरा, धूर सरळ वर जाणारा फटीकडे वळतो. काहीच नसलं तर जॉइंटवर सावकाश पाणी ओतत जा, ज्या जॉइंटवर ओतताना पंपाचा आवाज बदलतो आणि धार सुधारते तोच तो.

कुठे बघायचं तर आधी युनियनची रबरी रिंग, मग पंपाच्या तोंडाचं फ्लँज आणि गॅस्केट, मग जीआयच्या (लोखंडी) पाइपाच्या आट्यांचे जॉइंट, मग प्लग स्वतः, लोक प्लग हातानं फिरवून सोडून देतात आणि पूर्ण पाइप तपासत बसतात. आट्यांना टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं सात-आठ वेढे, किंवा सूत-सफेदा. पीव्हीसीचा सॉकेट गळत असेल तर वरून एमसील थापून ठेवू नका, व्हायब्रेशननं ते सुटतं, तेवढा तुकडा कापून कपलर टाका, दोन्ही टोकं पुसून कोरडी करा, सोल्युशन लावा आणि त्या दिवशी मोटर चालवू नका. रबरी होज असेल तर क्लँप दोन लावा.

पंप आणि मोटरच्या मधली जागा पण बघा. तिथे मेकॅनिकल सील असेल तर एक थेंब पण यायला नको, टपकत असेल तर बदला, ते पाणी पुढे बेअरिंगमध्ये जातं. जुन्या पंपाला ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळलेली, दोरी असेल तर उलट, मिनिटाला तीस-चाळीस थेंब टपकलेच पाहिजेत, त्या पाण्यानंच शाफ्ट थंड राहतो. ग्लँड पूर्ण कोरडा असेल आणि दोरी जळून खडखडीत झाली असेल तर तिथनं हवा घेते. ग्लँड आवळताना दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा, एकदम आवळायचे नाहीत.

पाइपाचा आकार पण बघा, म्हणजे तो जातो कसा. आपल्याकडे विहिरीला कठडा असतो आणि पंप बाजूला जमिनीवर, मग पाइप विहिरीतून वर येतो, कठड्यावरून जातो आणि परत खाली पंपाकडे उतरतो. त्या कमानीत हवा साचते आणि ती कशानंही निघत नाही, पंपाच्या प्लगमधून भरलेलं पाणी पण त्या उंचीपर्यंत जात नाही. सक्शन पाइप विहिरीपासून पंपाकडे सतत थोडा चढताच पाहिजे, सगळ्यात उंच जागा पंप. कठड्याला भोक पाडून पाइप आरपार घ्या किंवा पंपाखाली ओटा बांधून पंप वर घ्या, पण ओटा बांधाल तेवढं पंपाचं पाण्यापासूनचं अंतर वाढतं, म्हणून मला भोक पाडणंच बरं वाटतं. एल्बो जितके कमी तितकं चांगलं, आणि पंपाचं तोंड सव्वा इंची असताना सक्शन १ इंची लावलं असेल तर ते आजच बदला.

आता अंतर. पंपाच्या प्लेटवर लिहिलेलं असतं हेड २५ मीटर, ३० मीटर, आणि आपण समजतो की ३० मीटर खोलचं पाणी येईल. ते हेड एकूण असतं, मुख्यतः वर ढकलायचं. खालून वर यायला हवेचा दाबच काय तो, आणि तो समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाण्याएवढा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, म्हणजे इथे तोच ९.६ मीटरच्या आसपास भरतो. त्यातून पाइपाचं घर्षण, फूटवॉलचा अडथळा, पंपाची स्वतःची गरज वजा केली की हातात राहतात ६ ते ७ मीटर, म्हणजे २०-२२ फूट. त्याच्या खाली पाणी गेलं की कुठल्याही कंपनीचा जमिनीवर बसवलेला साधा मोनोब्लॉक नीट उचलणार नाही, एक एचपीच्या जागी दोन एचपीचा आणला तरी नाही. आणि आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, त्यामुळे सप्टेंबरात हाताला लागेल असं वाटणारं पाणी एप्रिल-मेमध्ये झपाट्यानं खाली जातं. दोरीला दगड बांधून पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मेमध्ये मोजा, ते खरं अंतर.

पातळी उतरून मोटर पाणी सोडत असेल तर डिलिव्हरीचा वॉल थोडा बंद करून चालवा, धार कमी होते, उपसा कमी होतो, झऱ्याला भरायला वेळ मिळतो. सक्शनच्या बाजूला मात्र वॉल लावून कमी-जास्त करू नका. जोडीला ड्राय रन बंद करणारं कंट्रोलर बसवा, रात्री झोपेत मोटर कोरडी फिरत राहिली तर काय होतं ते वर सांगितलंय.

थ्री फेज मोटर असेल आणि लाइनचं काम झाल्यावर अचानक पाणी येईनासं झालं तर फेज उलटी झाली असेल, मोटर उलटी फिरतेय. बॉडीवरचा बाण बघा, आणि इलेक्ट्रिशियनकडून कुठल्याही दोन फेजच्या वायरी बदलून घ्या. सिंगल फेजला सहसा हा प्रश्न येत नाही. सेल्फ प्रायमिंग पंपाचं नाव ऐकून बिनधास्त राहू नका, त्याच्या बॉडीत पहिल्यांदा पाणी भरावंच लागतं आणि जॉइंटमधून हवा शिरली तर तोही तसाच अडतो.

काही जण पंपाच्या तोंडाशीच एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा वॉल, लावतात, म्हणजे फूटवॉल बदलायला नको. पंपातलं पाणी त्यानं टिकतं, पण मग प्लगमधून ओतलेलं पाणी सक्शन पाइपात उतरू शकत नाही, कारण एनआरव्ही ते अडवतो. लावायचाच असेल तर त्याच्या खाली पाणी भरायला एक टी आणि प्लग काढा, आणि चार दिवसांची सोय म्हणूनच बघा.

अंतर २२ फुटांच्या पुढे जात असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, ओपनवेल सबमर्सिबल घ्या. ती पाण्यातच बसते, त्यामुळे फूटवॉल नाही, सक्शन पाइप नाही, पाणी भरायची भानगड नाही. पण मोटर पूर्ण बुडेल एवढं पाणी मेमध्ये पण शिल्लक पाहिजे, ती केबलवर नाही तर नायलॉनच्या दोरावर किंवा साखळीवर टांगायची, केबलचा जॉइंट पाण्यात ठेवायचा नाही, आणि मोटर चालू असताना विहिरीत कोणी पोहायला उतरायचं नाही, हे घरातल्या पोरांना बजावून सांगा. दुकानात जाताना कागदावर लिहून न्या, मेमध्ये पाणी किती फुटांवर, तळ किती फुटांवर, विहिरीच्या काठापासून टाकीचं तोंड किती उंच, पाइप किती लांब आणि किती इंची, घरात सिंगल फेज की थ्री फेज. एवढं हातात असलं की दुकानदाराला अंदाजानं मोठा एचपी गळ्यात मारता येत नाही.